उंदराच्या वाटीत काय होतं? आहार, चयापचय आणि स्मृतिभ्रंशाच्या प्रयोगांचा इतिहास

आजचा विषय ऐकायला जड वाटेल, पण त्याची बातमी तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेली आहे. अमुक पदार्थ खाल्ल्यानं स्मरणशक्ती सुधारते, तमुक पदार्थानं स्मृतिभ्रंश होतो, आणि खाली बारीक अक्षरात 'उंदरांवरील प्रयोगाचा निष्कर्ष'. आपण ते वाचतो आणि पान उलटतो. पण ज्यांच्या घरी आई रोज संध्याकाळी "मला माझ्या घरी सोडा" म्हणते, किंवा वडील मुलालाच "आपण कोण?" असं विचारतात, त्या घरात ती बातमी कापून ठेवली जाते. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर बदलतं. तेव्हा या बातम्या येतात कुठून आणि त्यांच्यावर किती भार टाकायचा, हे समजून घेणं गरजेचं आहे. त्यासाठी शंभरएक वर्षं मागं जावं लागतं.

सुरुवातीलाच आजचा मुद्दा सांगून टाकतो. आहाराच्या कुठल्याही प्रयोगात वाट्या दोन असतात. एका वाटीत ज्याची परीक्षा घ्यायची ते अन्न, आणि दुसऱ्या वाटीत तुलनेच्या गटाचं 'नेहमीचं' अन्न. बातमी पहिल्या वाटीची होते. या विषयाचा इतिहास मात्र बराचसा दुसऱ्या वाटीत दडलेला आहे.

एक भाषेची अडचण. इंग्रजीत रॅट आणि माऊस हे दोन वेगळे प्राणी आहेत, आपण दोघांनाही उंदीर म्हणतो. आज मी मोठ्याला रॅट म्हणेन आणि छोट्याला उंदीर. प्रयोगाच्या दृष्टीनं हा फरक महत्त्वाचा आहे.

आता मूळ आजाराकडे येऊ. नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टं डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाई दाखल झाल्या. विस्मरण, संशय, गोंधळ. त्यांना तपासणारे डॉक्टर होते अलोइस अल्झायमर. एप्रिल १९०६ मध्ये बाई वारल्या. अल्झायमरनी त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्यूबिंगेनच्या एका सभेत दोन गोष्टी मांडल्या. पेशींच्या बाहेर कसले तरी साठे होते, त्यांना आज आपण अमायलॉइडचे प्लाक म्हणतो. आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते होते. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

पण मेलेल्या माणसाचा मेंदू पाहून आजार कसा सुरू होतो हे कळत नाही. त्यासाठी जिवंत प्राणी हवा, ज्याला हा आजार होतो. आणि इथंच गाडी अडली. साध्या उंदराला अल्झायमर होतच नाही. त्याच्या मेंदूत अमायलॉइड असतं, पण माणसाच्या अमायलॉइडपेक्षा ते तीन अमिनो आम्लांनी वेगळं असतं आणि त्याचे प्लाक साचत नाहीत. म्हणून पुढची अनेक दशकं शास्त्रज्ञ आजाराच्या आसपासच्याच गोष्टी तपासत राहिले: म्हातारपण, भूक, चरबी, साखर.

त्यातली भूक सगळ्यात आधी आली. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅटना जीवनसत्त्वं, क्षार सगळं पुरेसं दिलं, पण कॅलरी कमी दिल्या. रॅट लहानखुरे राहिले. त्यातले नर मात्र भरपेट खाणाऱ्या नरांपेक्षा कितीतरी जास्त जगले. 'कमी खा, जास्त जगा' या आजच्या सल्ल्याची प्रयोगशाळेतली मुळं इथं सापडतात. स्मरणशक्तीचा भाग बऱ्याच उशिरा जोडला गेला. १९८७ मध्ये डोनाल्ड इंग्रॅम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कमी खाऊन म्हातारे झालेले उंदीर चक्रव्यूहातून वाट शोधण्यात भरपेट खाणाऱ्या म्हाताऱ्यांपेक्षा सरस ठरतात.

आता इथं एक साधी शंका घ्या. चक्रव्यूहाची परीक्षा सुरू झाली १९०१ मध्ये. क्लार्क विद्यापीठात विलार्ड स्मॉल यांनी इंग्लंडच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातल्या भुलभुलय्याच्या नमुन्यावर रॅटसाठी चक्रव्यूह बनवला आणि मध्यभागी बक्षीस ठेवलं. बक्षीस कसलं? खाण्याचं. मग तुम्हीच सांगा, उपाशी रॅट आणि पोट भरलेला रॅट यांत खाण्याकडे आधी कोण धावणार? धावला म्हणून त्याची स्मरणशक्ती चांगली म्हणायची, की त्याला भूक लागली होती म्हणायचं? (हशा) हसण्यासारखं आहे, पण आहार आणि स्मृती एकत्र तपासताना ही खरीखुरी अडचण असते. त्यावर एक चांगला उपाय १९८१ मध्ये स्कॉटलंडमधल्या रिचर्ड मॉरिस यांनी प्रसिद्ध केला. गढूळ केलेल्या पाण्याचा गोल हौद, पाण्याखाली न दिसणारा एक छोटा ओटा, आणि आजूबाजूच्या खुणा लक्षात ठेवून पोहत तो ओटा शोधायचा. इथं प्रेरणा अन्नाची नाही, पाण्याबाहेर पडण्याची आहे. पण बघा, लठ्ठ उंदीर आणि सडपातळ उंदीर सारखे पोहतील असंही नाही. म्हणून चांगले संशोधक पोहण्याचा वेगही मोजतात आणि ओटा उघडा दिसत असताना उंदीर तिथवर किती वेळात पोचतो तेही बघतात. ज्या निबंधात या मोजण्या नाहीत, तो जरा सावधपणे वाचायचा.

आता चरबीकडे येऊ, आणि इथं थोडं थांबू, कारण ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

१९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव आणि खालातोव यांनी सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं, आणि सशांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचले. हृदयविकाराच्या इतिहासातला हा गाजलेला प्रयोग. पण दुसऱ्यांनी तोच प्रयोग रॅट आणि कुत्र्यांवर केला तेव्हा तसं काही झालं नाही, कारण हे प्राणी जास्तीचं कोलेस्टेरॉल सहज पित्ताम्लांत बदलून टाकतात. ससा मुळात शाकाहारी, त्याला ते जमत नाही. म्हणजे कुठला प्राणी निवडला यावरच अर्धं उत्तर ठरलेलं असतं.

अल्झायमरपर्यंत हा धागा दोन बाजूंनी पोचला. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातले लॅरी स्पार्क्स यांना १९९० च्या सुमारास असं दिसलं की हृदयविकारानं मेलेल्या, पण स्मृतिभ्रंश नसलेल्या लोकांच्याही मेंदूत प्लाक आहेत. दुसरीकडे १९९३ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या गटानं दाखवलं की अपोई-४ हा जनुकाचा प्रकार ज्यांच्यात असतो त्यांना उतारवयातल्या अल्झायमरचा धोका जास्त असतो. या जनुकापासून बनणारं प्रथिन काय करतं? कोलेस्टेरॉल वाहून नेतं. १९९४ मध्ये स्पार्क्स यांनी अनिच्कोवचा ससा पुन्हा पुढे आणला. सशांना दोन टक्के कोलेस्टेरॉलचं खाद्य दिलं आणि त्यांच्या मेंदूत अमायलॉइड साचलेलं दाखवलं. सशाचं अमायलॉइड रचनेनं माणसासारखंच असतं, त्यामुळे या निष्कर्षाला वजन आलं.

पण निष्कर्ष प्रत्येक वेळी सारखा येईना. खाद्य तेच, सशांची जात तीच, तरी कधी मेंदूतले बदल ठळक, कधी अगदी सौम्य. खाद्याची पिशवी तपासून उपयोग नव्हता. फरक निघाला पाण्यात. जिथं सशांना ऊर्ध्वपातित पाणी मिळत होतं तिथं बदल कमी, जिथं नळाचं पाणी मिळत होतं तिथं जास्त. २००३ मध्ये स्पार्क्स आणि बर्नार्ड श्रुअर्स यांनी कोलेस्टेरॉल खाणाऱ्या सशांच्या शुद्ध पाण्यात अत्यल्प तांबं मिसळलं, दर दहा लाख भागांत ०.१२ भाग. अमेरिकेत माणसांच्या पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या हे साधारण एक दशांश आहे. या सशांच्या मेंदूत प्लाकसारखे साठे दिसले आणि ते एक अवघड धडा शिकण्यात मागे पडले. धडा असा: आधी एक आवाज, मग थोडा रिकामा वेळ, मग डोळ्याला त्रास देणारी उत्तेजना. तो मधला रिकामा वेळ लक्षात ठेवून सशानं वेळेवर पापणी मिटायची.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे, "मग तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यावं की नाही?" उत्तर असं की या प्रयोगावरून ते ठरवता येत नाही. हे ससे दोन टक्के कोलेस्टेरॉल खात होते, आपण तसं खात नाही, आणि आपण ससेही नाही. या गोष्टीतून तांब्यापेक्षा मोठी एक शिकवण मिळते. अनेक वर्षं सगळ्यांचं लक्ष खाद्यावर होतं, आणि निकाल बदलणारी गोष्ट पाण्याच्या बाटलीत होती. ती कुणी लिहूनच ठेवत नव्हतं, कारण 'पाणी म्हणजे पाणी'.

आता साखर आणि इन्सुलिन. बराच काळ समज असा होता की मेंदूला इन्सुलिनशी काही देणंघेणं नाही, साखर तो इन्सुलिनशिवायच घेतो. १९७८ मध्ये याना हावरान्कोव्हा आणि जेसी रॉथ यांच्या गटानं रॅटच्या मेंदूत सगळीकडे इन्सुलिनचे ग्राहक, म्हणजे पेशीवर इन्सुलिन ज्याला चिकटतं ते रेणू, सापडल्याचं दाखवलं. मग प्रश्न आला, मेंदूच इन्सुलिनला दाद देईनासा झाला तर काय होईल?

त्यासाठी हाताशी आलं स्ट्रेप्टोझोटोसिन. हे रसायन मातीतल्या जिवाणूपासून काढलेलं प्रतिजैविक. ते प्राण्यांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं, हे १९६३ मध्ये लक्षात आलं आणि तेव्हापासून प्राण्यांत मधुमेह घडवायला ते वापरलं जातं. जर्मनीत हायडेलबर्गला झीगफ्रीड होयर यांनी हेच रसायन थोड्या प्रमाणात थेट रॅटच्या मेंदूतल्या पोकळीत टोचलं. रक्तातली साखर वाढली नाही, पण मेंदूचा साखरेचा वापर बिघडला आणि रॅट शिकलेलं विसरू लागले. २००५ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या सुझॅन डी ला मॉन्टे यांच्या गटानं अल्झायमरनं मेलेल्या माणसांच्या मेंदूत इन्सुलिनच्या यंत्रणेत बिघाड दाखवला आणि 'तिसऱ्या प्रकारचा मधुमेह' हा शब्दप्रयोग पुढे आणला. तो इतका चिकटला की आज अनेकांना ते अधिकृत निदान वाटतं. तसं ते नाही. रॅटच्या मेंदूत विष टोचून घडवलेला बिघाड आणि माणसाच्या मेंदूत वीस-तीस वर्षं हळूहळू होत जाणारा बिघाड यांत साम्य आहे, पण साम्य म्हणजे एकच गोष्ट नव्हे.

आता १९९० च्या दशकातली मोठी उडी. १९९१ मध्ये लंडनच्या गटाला काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या अल्झायमरचं कारण असलेला जनुकातला बदल सापडला. माणसाचं ते बदललेलं जनुक उंदरात घालता आलं. १९९५ मध्ये पहिला गाजलेला असा उंदीर आला, आणि १९९६ मध्ये मिनेसोटात कॅरन श्याओ यांचा उंदीर आला, ज्याच्या मेंदूत वयाबरोबर प्लाकही साचायचे आणि स्मृतीही ढासळायची. शेवटी 'अल्झायमरचा उंदीर' मिळाला, आणि आहाराचे प्रयोग धडाक्यात सुरू झाले. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथल्या गटानं दाखवलं की चरबीयुक्त खाद्यानं हे उंदीर इन्सुलिनला दाद देईनासे होतात, अमायलॉइड वाढतं आणि पाण्याच्या हौदातली वाट ते जास्त चुकतात. २००५ मध्ये कॅलरी कमी केल्यावर अमायलॉइड कमी होतं असे निबंध आले. २००७ मध्ये साखरेचं पाणी पाजून स्मृती जास्त बिघडवली गेली.

चित्र जुळत आलं असं वाटतं ना? पण त्याच २००५ सालचा एक छोटा प्रयोग बघा. अशाच उंदरांना जवळपास पिष्टमय पदार्थ नसलेला, चरबीनं भरलेला किटोजेनिक आहार दिला. ४३ दिवसांत अमायलॉइड सुमारे पाव हिश्शानं घटलं. म्हणजे एका प्रयोगात चरबीनं अमायलॉइड वाढलं, दुसऱ्यात चरबीनंच कमी झालं. आणि या दुसऱ्या प्रयोगात स्मृतीच्या परीक्षेत उंदरांच्या दोन गटांत फरक दिसलाच नाही. म्हणजे मेंदूतलं अमायलॉइड कमी होणं आणि आठवण परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीत त्या एकच होऊन जातात.

आता दुसऱ्या वाटीकडे नीट बघू. प्रयोगांतल्या 'चरबीयुक्त खाद्या'त बहुधा ४५ ते ६० टक्के कॅलरी चरबीच्या असतात, आणि ती बहुतेकदा डुकराची चरबी असते. हे खाद्य शुद्ध घटक मोजून बनवलेलं असतं. तुलनेच्या गटाला काय दिलं जातं? अनेकदा धान्यापासून बनवलेल्या साध्या गोळ्या. त्यात तंतू वेगळे, सोयाबीनमधली द्रव्यं वेगळी, साखरेचं प्रमाण वेगळं. मग स्मृती बिघडली ती चरबीमुळं, की तंतू कमी पडल्यामुळं? २००८ मध्ये वॉर्डन आणि फिस्लर या दोघांनी अशा प्रयोगांचे ताजे निबंध चाळले, तर दोन्ही वाट्या नीट जुळवलेले निबंध थोडेच निघाले.

२०१० मध्ये ब्रॉन्वेन मार्टिन, मार्क मॅट्सन आणि सहकाऱ्यांनी आणखी खोलवर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की प्रयोगशाळेतला 'सामान्य' उंदीर मुळात निरोगीच नसतो. छोट्या पिंजऱ्यात, हालचाल नाही, अन्न चोवीस तास समोर. तो लठ्ठ असतो आणि इन्सुलिनलाही नीट दाद देत नाही. अशा उंदराचं खाणं कमी केलं आणि त्याची तब्येत सुधारली, तर आपण शोध कशाचा लावला? कमी खाण्याच्या अद्भुत गुणाचा, की बैठ्या, अतिखाऊ जिवाला मिताहारी केल्यावर बरं वाटतं या साध्या गोष्टीचा?

माकडांनी हा प्रश्न फार स्पष्ट करून दाखवला. तो अभ्यास स्मृतीचा नव्हता, आयुष्याचा होता, पण धडा आपल्या कामाचा आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस दोन ठिकाणी ऱ्हीसस माकडांचं खाणं कमी करून दीर्घ प्रयोग सुरू झाले. विस्कॉन्सिनच्या गटानं २००९ मध्ये सांगितलं की कमी खाणारी माकडं म्हातारपणाच्या आजारांनी कमी मरतात. राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या गटानं २०१२ मध्ये सांगितलं की आयुष्यात फरक नाही. भांडण जुंपलं. मग दोन्ही गटांनी एकत्र बसून आकडे ताडून पाहिले आणि २०१७ मध्ये एकत्रित निबंध लिहिला. एक मोठा फरक तुलनेच्या वाटीत निघाला. विस्कॉन्सिनच्या खाद्यात वजनानं २८ टक्क्यांच्या आसपास साखर होती, दुसरीकडे चार टक्क्यांच्या आसपास. आणि दुसरीकडच्या तुलनेच्या माकडांनाही मोजूनच खायला मिळत होतं. म्हणजे एका ठिकाणी तुलना गोड आणि भरपेट खाणाऱ्या माकडाशी होती, दुसऱ्या ठिकाणी आधीच बेतानं खाणाऱ्याशी.

आता माणसांकडे. प्राण्यांवरून निघालेली औषधं माणसांत काय करून गेली? कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिननं अल्झायमरच्या रुग्णांची स्मृती सावरली नाही. मधुमेहाच्या रोझिग्लिटाझोनची मोठी चाचणी २०१० मध्ये निष्फळ ठरली. सेमाग्लुटाइड, जे सध्या वजन उतरवण्यासाठी घरोघरी चर्चेत आहे, त्याच्या सुमारे ३,८०० लोकांवरच्या दोन चाचण्यांचा निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये आला: आजाराची वाटचाल मंदावली नाही.

दुसरी चिठ्ठी हळदीबद्दल आहे, ती येणारच होती. २००१ मध्ये कॅलिफोर्नियात श्याओंच्याच जातीच्या उंदरांना हळदीतलं कर्क्युमिन दिलं. थोड्या मात्रेनं अमायलॉइड ४० टक्क्यांहून जास्त घटलं. गंमत म्हणजे तीसपटीहून मोठ्या मात्रेनं घटलं नाही. २०१२ मध्ये माणसांवर २४ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली, फायदा दिसला नाही. कर्क्युमिन रक्तात फारसं उतरतच नव्हतं. भाजीत हळद घाला, चवीसाठी घाला. वडिलांच्या औषधाच्या जागी घालू नका.

२०२३ मध्ये 'माइंड' आहाराची चाचणी प्रसिद्ध झाली. पालेभाज्या, बेरी, सुकामेवा वगैरे. ६०४ माणसं, तीन वर्षं. आकलनशक्तीत दोन गटांत ठोस फरक नाही. बातमी आली, 'आहाराचा उपयोग नाही'. पण दुसरी वाटी बघा. तुलनेच्या गटालाही थोडं कमी खाण्याचं मार्गदर्शन मिळत होतं, आणि त्यांचंही वजन उतरलं. म्हणजे तुलना 'काहीच न करणाऱ्यां'शी नव्हतीच. उलट २०१५ मध्ये फिनलंडमधल्या १,२६० लोकांच्या चाचणीत आहार, व्यायाम, मेंदूला चालना आणि रक्तदाब वगैरेंची देखरेख हे सगळं एकत्र केलं, तेव्हा दोन वर्षांत माफक पण खरा फायदा दिसला.

मग उंदीर वाया गेले का? मुळीच नाही. मेंदू शरीरापासून वेगळा राहत नाही, रक्तातली साखर, चरबी आणि इन्सुलिन यांचा त्याच्याशी संबंध आहे, हे प्राण्यांनीच दाखवलं. पण लक्षात घ्या, जनुक बदललेला उंदीर ज्या कौटुंबिक अल्झायमरची नक्कल करतो तो रुग्णांपैकी सुमारे एका टक्क्यात असतो. आपल्या घरातल्या आजी-आजोबांचा आजार बहुतेक वेळा वेगळ्या वाटेनं आलेला असतो, उतारवयात, अनेक कारणं मिळून. आणि उंदराला आपण तरुणपणापासून खाऊ घालतो, आजोबांकडे मात्र आजार दिसल्यावर वळतो. २०२४ च्या लॅन्सेट आयोगानं स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यांत कुठलाही एखादा खाद्यपदार्थ नाही. पण मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा आणि मध्यम वयातलं वाईट कोलेस्टेरॉल आहे. ऐकू कमी येणंही आहे.

म्हणून पुढची बातमी वाचाल तेव्हा विचारा: प्राणी कोणता, दुसऱ्या वाटीत काय होतं, आणि सुधारलं ते अमायलॉइड की आठवण? आणि घरात कुणाला आजार झालाच असेल, तर एक गोष्ट मनातून काढून टाका. "आम्ही तिला वेळेवर अमुक खाऊ घातलं असतं तर..." हे वाक्य मी अनेक मुलांच्या आणि सुनांच्या तोंडून ऐकलं आहे. शंभर वर्षांच्या या प्रयोगांत त्या वाक्याला आधार नाही. तिला आवडतं ते, तिला गिळता येईल असं, शांतपणे शेजारी बसून भरवा. आणि स्वतःचा रक्तदाब चाळिशीतच तपासायला लागा.

वेळ झाली आहे. उरलेल्या चिठ्ठ्या घेऊन मी बाहेर थांबतो.